बँकोची वंशावळ आणि झाडीपट्टीतले राजे

पदव्युत्तर वर्गातल्या विद्यार्थ्यांना मी दरवर्षी एक लेखी काम देतो. विषय अगदी साधा असतो : आपल्या गावाचा किंवा घराण्याचा इतिहास वडीलधाऱ्यांना विचारून स्वतःच्या शब्दांत लिहा. मुले लाखनीची असतात, साकोलीची असतात, काही पार लाखांदूर-अर्जुनीकडून येतात. वह्या तपासताना गेली कित्येक वर्षे मला एकच कथा वाचावी लागते. मूळ पुरुष बाहेरून आला. कोणाचा धारेहून, कोणाचा बुंदेलखंडातून, कोणाचा वऱ्हाडातून. तो घोड्यावर होता. इथे तेव्हा घनदाट जंगल होते. त्याने जंगल तोडले, वाघ मारला, गाव वसवले आणि राजाने प्रसन्न होऊन त्याला गावे दिली. आडनाव तेवढे बदलते, कथा बदलत नाही.

यंदा एका मुलीची वही फक्त दीड पानाची होती. मुलगी गोंड समाजातली. वर्गात फारशी न बोलणारी, पण वाचनाची आवड असलेली. दीड पानाच्या शेवटी तिने लिहिले होते : ‘आमचे लोक आधीपासून इथेच होते, त्यामुळे आमच्या घराण्याला इतिहास नाही.’

हे वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष आहे. लाल शाईने खूण करावी असे त्यात काही नाही. तरीही वीस वर्षे मराठी शिकवल्यानंतर माझ्या हाती आलेले ते सर्वांत मोठे अपयशपत्र आहे असे मला वाटते. ज्या भूमीवर गोंड राजांची सत्ता होती, ज्या नागपुरात आमची विधानसभा हिवाळ्यात भरते ते शहर ज्या गोंड राजाने वसवले, त्या भूमीतली एक गोंड मुलगी मराठी विषयात एम. ए. करते आणि ‘आम्हांला इतिहास नाही’ असे शांतपणे लिहून देते. हा तिच्या अज्ञानाचा मुद्दा नाही. शाळेपासून एम. ए.पर्यंत आम्ही तिला जे वाचायला दिले त्याचा हा बिनचूक निष्कर्ष आहे.

माझे म्हणणे आधीच स्पष्ट मांडतो. थोर घराणी उदयाला येतात तेव्हा त्यांच्यामागोमाग एक वाङ्मयप्रकारही जन्म घेतो. वंशावळ, बखर, कैफियत, गौरवग्रंथ, ऐतिहासिक कादंबरी ही त्याची निरनिराळी रूपे. सत्ता आधी मिळवलेली असते, तिचे कारण मागाहून रचले जाते. हे वाङ्मय वाङ्मय म्हणून वाचणे, म्हणजे त्यात कोण बोलतो, कोणाला उद्देशून बोलतो आणि काय गाळतो हे पाहणे, हे आमचे काम होते. ते आम्ही केले नाही. आम्ही त्याला इतिहास म्हणून शिकवले आणि इतिहासाच्या प्राध्यापकांकडे बोट दाखवून मोकळे झालो.

आधी एक दूरचे उदाहरण घेतो, कारण ते आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलेले आहे. शेक्सपिअरचे ‘मॅक्बेथ’ मराठीला नवे नाही. शिवराम महादेव परांजप्यांनी १८९८ मध्ये त्यावरून ‘मानाजीराव’ लिहिले, शिरवाडकरांनी १९५४ मध्ये ‘राजमुकुट’ लिहिले. महत्त्वाकांक्षा, अपराधभावना, नियती या तीन शब्दांत आपण हे नाटक परीक्षेपुरते बसवतो. पण त्या नाटकातल्या बँकोकडे जरा निराळ्या नजरेने पाहा. चेटकिणी त्याला सांगतात की तू राजा होणार नाहीस, पण राजांचा पूर्वज होशील. पुढे आठ राजांची मिरवणूक मॅक्बेथच्या डोळ्यांसमोरून जाते. हे आठ राजे म्हणजे स्कॉटलंडचे स्ट्यूअर्ट घराणे. नाटक लिहिले गेले ते १६०६ च्या सुमारास, आणि १६०३ पासून इंग्लंडच्या गादीवर याच स्ट्यूअर्ट घराण्यातला जेम्स बसलेला होता.

गंमत अशी की बँको नावाचा माणूस इतिहासात नव्हताच. १५२७ मध्ये हेक्टर बोईस नावाच्या विद्वानाने लॅटिनमध्ये स्कॉटलंडचा इतिहास लिहिला, त्यात तो प्रथम अवतरतो. स्ट्यूअर्ट घराण्याला अस्सल देशी पूर्वजाची गरज होती, कारण त्यांचा खरा मूळ पुरुष परका होता. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या डोल गावी सरदाराच्या घरची व्यवस्था पाहणारे हे वंशपरंपरागत कारभारी. त्यांची एक शाखा इंग्लंडात आली. तिच्यातला वॉल्टर फिट्झ अ‍ॅलन बाराव्या शतकात पहिल्या डेव्हिड राजाबरोबर स्कॉटलंडात गेला आणि राजाचा कारभारी झाला. ‘स्ट्यूअर्ट’ हे आडनाव मुळात हुद्द्याचे नाव आहे. याच घरातल्या एकाचा विवाह रॉबर्ट ब्रूसच्या मुलीशी झाला, आणि त्यांचा मुलगा १३७१ मध्ये राजा झाला. कारभाऱ्याचे घर राजघराणे झाले. ब्रूस तरी मूळचे कुठले? तेही नॉर्मंडीकडचे. याच डेव्हिड राजाने त्यांना ११२४ च्या सुमारास अ‍ॅनंडेलची जहागीर दिली होती.

ज्याला आपण राक्षस म्हणून शिकवतो तो खरा मॅक्बेथ मात्र स्थानिक होता. उत्तरेकडच्या मोरे प्रदेशाचा तो अधिपती. डंकन काही झोपेत मारला गेलेला वृद्ध राजा नव्हता. १०४० मध्ये तो मोरेवर चालून गेला आणि लढाईत पडला. त्यानंतर मॅक्बेथने सतरा वर्षे राज्य केले. १०५० मध्ये तो रोमच्या यात्रेला जाऊन आला. राज्यात स्वास्थ्य नसते तर त्या काळी कोणता राजा असा दूर गेला असता? पुढे ११३० मध्ये त्याच्याच परिवारातला अँगस डेव्हिड राजाविरुद्ध उठला आणि मारला गेला. मोरेच्या जमिनी नव्या लोकांना वाटल्या गेल्या. त्यांतला फ्रेस्किन हा फ्लेमिश माणूस. त्याच्या वंशजांनी मोरे याच नावावरून आपले आडनाव घेतले, तेच आजचे ‘मरे’. ज्यांची जमीन गेली त्यांच्या भूमीचे नाव जमीन मिळालेल्यांचे कुलनाम झाले, आणि ज्यांची गेली त्यांचा पूर्वज रंगभूमीवर खुनी म्हणून अमर झाला.

शेक्सपिअर थोर आहे याबद्दल वाद नाही. पण त्याने ज्या हॉलिनशेडच्या बखरीवरून नाटक घेतले, त्या बखरीत बँको डंकनच्या वधात सामील आहे. नाटकात त्याला स्वच्छ धुऊन घेतलेले आहे, कारण प्रेक्षकांत त्याचा वंशज म्हणवणारा राजा होता. ही एवढी माहिती वर्गात सांगितली तर ‘मॅक्बेथ’ची थोरवी कमी होत नाही. उलट साहित्य आणि सत्ता यांचे नाते कळायला याहून चांगला पाठ नाही.

आता घरी येऊ.

लाखनीहून साकोलीच्या अंगाला गेले की सानगडीचा किल्ला लागतो. तुमसरकडे आंबागड आहे, अर्जुनी-मोरगावकडे प्रतापगड आहे. सहलीला आलेल्या मुलांना विचारा, हे किल्ले कोणाचे? बहुतेक सांगतात, शिवाजी महाराजांचे नाहीतर भोसल्यांचे. प्रत्यक्षात या किल्ल्यांची उभारणी परंपरेने देवगडच्या गोंड राजाशी, बख्त बुलंदशी, आणि त्याच्या पदरी असलेल्या राजखान या पठाण सरदाराशी जोडली जाते. गोंड राजा आणि पठाण किल्लेदार हे आजच्या आमच्या कोणत्याच कप्प्यात बसत नाहीत. म्हणून आम्ही ते विसरून जातो.

देवगड आज मध्य प्रदेशाच्या छिंदवाडा जिल्ह्यात आहे. त्या घराण्याचा मूळ पुरुष जाटबा. अबुल फजलच्या ‘ऐन-ए-अकबरी’त त्याचा उल्लेख आहे, म्हणजे अकबराच्या काळी तो मोजण्यासारखा राजा होता. त्याची दंतकथा अशी : कुमारिकेच्या पोटी, वालाच्या वेलाखाली तो जन्मला, उन्हात झोपला असता नागाने त्याच्यावर फणा धरला, आणि देवीने दिलेल्या तलवारीने त्याने गवळी राजांना मारून राज्य घेतले. म्हणजे गोंड राजघराण्यालाही बँको लागलाच. दैवी जन्म आणि नागाची फणा या दोन गोष्टी भारतातल्या कितीतरी राजवंशांच्या कथांत सापडतात. तेव्हा माझा आग्रह असा मुळीच नाही की भोसल्यांची बखर खोटी आणि गोंडांची कथा खरी. आग्रह एवढाच की दोन्ही एकाच तराजूत घाला.

बख्त बुलंद हा या घराण्यातला सर्वांत कर्तबगार राजा. भाऊबंदकीत गादी हातची जाईल असे दिसताच तो दिल्लीला गेला, इस्लाम स्वीकारला आणि १६८६ मध्ये औरंगजेबाची मान्यता घेऊन परतला. ‘बख्त बुलंद’ हे नावच पदवीसारखे आहे, उंच नशिबाचा. पुढे त्यानेच मोगलांच्या मुलखात लूट सुरू केली तेव्हा औरंगजेबाने त्याचे नाव बदलून ‘निगूनबख्त’, म्हणजे पालथ्या नशिबाचा, असे करण्याचा हुकूम सोडला म्हणतात. राजाचे नशीब लेखणीने फिरवण्याचा हा प्रकार भाषेच्या अभ्यासकाला मोलाचा वाटायला हवा. १७०२ च्या सुमारास याच राजाने काही वाड्या-वस्त्या एकत्र करून नागपूर वसवले. त्याच्यामागून आलेल्या चांद सुलतानाने शहराला तट घातला आणि तलाव बांधला. आज आपण त्याला गांधीसागर म्हणतो.

चांद सुलतान १७३० च्या दशकात वारला आणि दासीपुत्र म्हणून हिणवला गेलेला वलीशहा गादीवर बसला. चांद सुलतानाची राणी रतनकुंवर हिने आपल्या मुलांच्या हक्कासाठी वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना बोलावले. रघूजी आले, वलीशहाचा पाडाव केला, राणीच्या मुलांना गादी मिळवून दिली आणि भरपूर मोबदला घेऊन गेले. काही वर्षांत दोघा भावांत, बुऱ्हाणशहा आणि अकबरशहा यांच्यात, तंटा झाला. रघूजी पुन्हा आले. या वेळी परत गेले नाहीत. १७४३ पर्यंत नागपूर भोसल्यांचे झाले होते. बुऱ्हाणशहाला ‘राजा’ ही पदवी आणि नेमणूक ठेवली गेली, राज्य मात्र उरले नाही. गोंड राजाचे नाव कायम ठेवण्यात भोसल्यांचा हिशोबही होता. आपण गोंड राजाचे रक्षक आहोत म्हटले की पेशव्यांनी हक्क सांगितला तर उत्तर देता येते.

यात रघूजींना खलनायक ठरवायचा माझा हेतू नाही. मध्ययुगात घराणी अशीच वाढली. भाऊबंदकीत बोलावलेला मदतनीस मालक होतो, ‘सेनासाहेब सुभा’ हा सातारच्या छत्रपतींनी दिलेला हुद्दा पुढे राजपद होतो, जसा ब्रिटनीतल्या कारभाऱ्याचा हुद्दा राजवंशाचे नाव झाला. रघूजींनी बंगालपर्यंत धडक मारली, ओरिसा मिळवला, त्यांचे कर्तृत्व कोणी नाकारत नाही. माझी तक्रार रघूजींविषयी नाही. ती आपल्या लेखनाविषयी आहे. नागपूरकर भोसल्यांची बखर काशीराव राजेश्वर गुप्ते यांनी लिहिली ती १८१८ नंतर, नागपुरात इंग्रज रेसिडेंट जेंकिन्सचा अंमल असताना. ती कोणासाठी लिहिली गेली, हा प्रश्न आपण बखरवाङ्मयाच्या तासाला कधी विचारतो का? सभासदाची बखर, भाऊसाहेबांची बखर, झाला बखर विभाग. आपल्याच मुलखाची बखर विद्यार्थी नावानेही ओळखत नाहीत, आणि जे ओळखतात ते गोंडांचा काळ ‘पूर्वपीठिका’ या एका शब्दात आटोपतात. दोनशे वर्षांच्या आसपासची एक राजवट आमच्या लेखी प्रस्तावना आहे!

इथे मला वैदर्भीय मित्रांशी भांडायचे आहे. आपली एक जुनी तक्रार आहे की मराठी साहित्याने विदर्भाला परिघावर ठेवले. ती खरी आहे. ऐतिहासिक कादंबरी रायगड, सातारा आणि पुणे या त्रिकोणात फिरत राहिली. तिच्यात नागपूरकर भोसले येतात ते बहुधा पेशव्यांना अडचणीत आणणारे नातलग म्हणून. याबद्दल आपण संमेलनांतून, परिसंवादांतून पुष्कळ बोललो. पण पुण्याने नागपूरला जे केले तेच नागपूरने देवगडला केले, आणि भंडाऱ्याने सानगडीला. परिघावरच्या माणसाला स्वतःचा परीघ दिसत नाही. झाडीबोलीच्या चळवळीने, साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी, आमच्या भाषेला मान मिळवून दिला. दंडारीला, खडी गंमतीला अभ्यासाचा विषय केले. ते काम भाषेपुरते थांबून चालणार नाही. झाडी बोलणाऱ्यांचा मान राखायचा, तर झाडीत आधी कोण होते तेही बोलावे लागेल.

आता मुलांच्या वह्यांतल्या त्या घोडेस्वाराकडे वळतो. आमच्या भागातली मोठी घराणी खरोखर कशी उभी राहिली? उपलब्ध माहिती पाहिली तर घोडा आणि तलवार यांचा वाटा त्यांत आहे, पण तो समजतो तितका मोठा नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात चिमणाजी भोसल्यांच्या कटक मोहिमेत इथले कुणबी आणि पोवार गेले होते, आणि त्याबद्दल त्यांना वैनगंगेच्या खोऱ्यात जमिनी मिळाल्या, ही परंपरा नोंदलेली आहे. पोवारांचा माळव्याहून नगरधनमार्गे झालेला प्रवासही नोंदलेला आहे. हे खोटे आहे असे मी म्हणत नाही. पण जमीन मिळाली म्हणजे धान पिकले असे होत नाही. झाडीत धान पिकते ते तलावाच्या पाण्यावर, आणि तलाव बांधण्याची विद्या होती कोहळ्यांकडे. उतार कुठे आहे, पाळ कुठे घालायची, सांडवा कुठे काढायचा हे त्यांना कळत होते. नवेगावचा प्रचंड बांध अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी घातला असे सांगतात. लोकांनी पुढे त्यांना कोलासूर म्हणून देव केले. ज्याच्या हाती पाणी त्याच्या हाती गाव, आणि ज्याच्या हाती गाव तो पाटील. आमच्या अनेक ‘राजघराण्यांचे’ खरे सिंहासन म्हणजे तलावाची पाळ.

पाण्यानंतर कागद. कामठ्याची जमीनदारी पाहा. जंगल वसवायला मिळालेल्या मुलखावर कुणबी पाटलांचे हे घर मोठे झाले. १८१८ मध्ये तिथल्या चिमना पटेलाने अप्पासाहेब भोसल्यांची बाजू घेऊन इंग्रजांविरुद्ध उठाव केला. उठाव मोडला, जमीनदारी गेली आणि लोधी घराण्याला मिळाली. एका सहीने एक घराणे बुडाले, दुसरे तरले. पुढे १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, डलहौसीने राज्य खालसा केले, आणि १८६० च्या दशकात इंग्रजांच्या जमाबंदीत मालगुजारांना गावाची मालकी देण्यात आली. भोसल्यांच्या काळी जो गावाचा वसूल गोळा करणारा होता तो इंग्रजी कागदाने मालक झाला. आजचे कितीतरी वाडे, त्यांवरची कितीतरी नक्षी आणि त्यांतली कितीतरी ‘प्राचीन’ वंशावळ या कागदानंतरची आहे. १९०८ मध्ये रसेलच्या संपादनाखाली भंडारा जिल्ह्याचे गॅझेटिअर निघाले. त्यातल्या घराण्यांच्या कथा कोणी सांगितल्या असतील? ज्यांच्या वाड्यावर साहेबाचा मुक्काम पडत असे त्यांनीच. मग गॅझेटिअरमधून त्या गौरवग्रंथात आल्या, गौरवग्रंथातून शाळेच्या स्मरणिकेत, स्मरणिकेतून मुलांच्या वहीत. आता कोणी शंका घेतली तर ‘गॅझेटिअरमध्ये आहे’ असे ठणकावून सांगतात. स्वतःच सांगितलेली गोष्ट स्वतःच्या पुराव्याला आणणे यालाच बँकोची वंशावळ म्हणतात.

या कथेतला सर्वांत घातक शब्द ‘जंगल’ आहे. ‘इथे घनदाट जंगल होते’ हे वाक्य निरुपद्रवी वाटते. पण त्या जंगलात गोंड होते, हलबा होते, नदी-तलावावर ढिवर होते. त्यांची गावे होती, देव होते, वाटा होत्या. जंगल म्हटले की हे सगळे झाडांत जमा होतात. म्हणूनच त्या मुलीने लिहिले की आमचे लोक आधीपासून इथेच होते, त्यामुळे आम्हांला इतिहास नाही. इतिहास म्हणजे येणे, जिंकणे, वसवणे, अशी व्याख्या आम्हीच केलेली असेल तर जे आले नाहीत त्यांना इतिहास कुठून असणार?

यावर दोन-तीन आक्षेप ठरलेले आहेत. पहिला, हा इतिहासाचा विषय आहे, मराठीच्या माणसाने त्यात पडू नये. मग बखर मराठीच्या अभ्यासक्रमात का आहे? बखर, कैफियत, वंशावळ हे गद्यप्रकार आहेत आणि त्यांची संहिताचिकित्सा हे आमचे काम आहे. निवेदक कोण, श्रोता कोण, मौन कुठे, हे प्रश्न आपण नवकथेला विचारतो, ते वंशावळीला विचारायला हरकत का असावी?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. यातून जातीजातींत वितुष्ट वाढेल, असे सहकारी सांगतात. मला हे पटत नाही. आज प्रत्येक समाजाची स्वतंत्र गौरवपुस्तिका निघते आहे आणि प्रत्येकीत आपलाच पूर्वज राजा आहे. वितुष्ट वाढायला याहून सोयीची व्यवस्था कोणती? सगळ्यांच्या कथा एका टेबलावर ठेवून एकाच कसोटीने वाचल्या, तर निदान एवढे कळेल की आपण सर्वांनी एकच साचा वापरला आहे. ही कसोटी गोंड राजांनाही लावायची आहे. देवगडच्या राजांचे वैभवही कोणाच्या तरी घामावर उभे होते, आणि राजगोंड व साधे गोंड यांतले अंतर त्या काळीही होते. त्या मुलीला मी ‘तू राजकन्या आहेस’ असे सांगणार नाही. एक बँको काढून दुसरा बसवण्यात मला रस नाही. पण आपल्या भूमीत कोणी राज्य केले आणि ते कसे गेले हे जाणून घेण्याचा तिचा हक्क आहे, आणि तो हक्क आम्ही तिच्यापर्यंत पोहोचू दिला नाही.

तिसरा आक्षेप पुराव्याचा : मौखिक कथांवर काय विसंबायचे? विसंबायचे नाहीच. पण लेखी कागदांकडे तरी आपण कुठे पाहिले? मालगुजारीच्या काळात गावोगावचे ‘वाजिब-उल-अर्ज’ तयार झाले. गावच्या चालीरीती, पाण्याचे आणि निस्ताराचे हक्क त्यांत लिहिलेले आहेत. जळाऊ लाकूड कोणी कुठून आणायचे, गुरे कुठे चारायची, तलावाचे पाणी कोणाच्या शेताला कसे द्यायचे. गावाचे असे गद्य दुसरीकडे मिळणार नाही. एकाही मराठी विभागाने ते संहिता म्हणून वाचल्याचे माझ्या पाहण्यात नाही. आम्हांला दरबारी गद्य वाचायची इतकी सवय झाली आहे की गावाचे गद्य समोर असूनही ते गद्य वाटत नाही.

आणि हा केवळ भूतकाळाचा प्रश्न नाही. १९५० च्या कायद्याने मध्य प्रांतातली मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि त्यांचे नाव पडले ‘माजी मालगुजारी तलाव’. बोलताना आम्ही ‘मामा तलाव’ म्हणतो. कोहळ्यांनी आखलेला, मजुरांनी खणलेला, ढिवरांनी जगवलेला तलाव, आणि नावात उरला कोण? मालगुजार, तोही माजी! मोरेचे नाव ज्यांनी आडनाव म्हणून घेतले त्यांच्यात आणि आमच्यात फारसा फरक नाही. त्यांनी भूमीचे नाव घराण्याला दिले, आम्ही घराण्याचे नाव भूमीला. यातले बरेच तलाव आज गाळाने भरले आहेत, काहींच्या पोटात शेते सरकली आहेत. तलाव आपला आहे असे गावाला वाटायचे तर तो आपल्या लोकांनी बांधला हे गावाला माहीत असावे लागते. मालगुजाराचा म्हणून ओळखला जाणारा तलाव मालगुजार गेल्यावर बेवारस होतो. कथा चुकीची सांगितली की पाणीही जाते.

म्हणून माझ्या सहकाऱ्यांपुढे तीन साध्या सूचना ठेवतो. बखरवाङ्मयाच्या अभ्यासपत्रिकेत आपल्या विभागातल्या विद्यापीठांनी नागपूरकर भोसल्यांची बखर नेमावी, आणि तिच्यासोबत जाटबाची कथा व एखादा वाजिब-उल-अर्ज ठेवावा. ‘मॅक्बेथ’ किंवा ‘राजमुकुट’ शिकवताना बँको कोण होता हे सांगावे. आणि घराण्यांच्या गौरवग्रंथांना प्रस्तावना लिहिण्याचे काम प्राध्यापकांनी काही वर्षे बंद ठेवावे. शेवटची सूचना सर्वांत अवघड आहे हे मला ठाऊक आहे. मीही अशा दोन प्रस्तावना लिहिल्या आहेत. दोन्हींत ‘घनदाट जंगल’ हे शब्द आहेत, आणि त्या मुलीच्या वहीने मला ते दाखवून दिले.

पुढच्या वर्षी मी लेखी कामाचा विषय बदलणार आहे. घराण्याचा इतिहास विचारणार नाही. तुमच्या गावचा तलाव कोणी आखला, कोणी खणला, त्याचे पाणी कोणाच्या शेतात आधी गेले आणि कोणाच्या शेतात गेलेच नाही, हे शोधून लिहा, असे सांगणार आहे. ती मुलगी परवा भेटली तेव्हा तिला हा विषय सांगितला. तिने विचारले, ‘सर, खणणाऱ्यांची नावं कोणत्या पुस्तकात मिळतील?’ कोणत्याही पुस्तकात मिळणार नाहीत, असे मला तिला सांगावे लागले. ती म्हणाली, ‘मग आजीला विचारते.’